‘उगाच’ : कुठे, कसं आणि कुणाला म्हणायचं

पुण्यात मी अमराठी मंडळींना बोलती मराठी शिकवते. बँकेत बदली होऊन आलेले अधिकारी येतात, लग्न होऊन मराठी घरात आलेल्या मुली येतात, आणि केरळहून आलेल्या, इथल्या दवाखान्यांत काम करणाऱ्या नर्स येतात. त्यांतल्या एकीने एकदा वही माझ्यापुढे धरली. वॉर्डातल्या आजींना तिने विचारलं होतं, “काय होतंय, आजी?” आजी म्हणाल्या, “काही नाही गं, उगाच धडधडतं जरा.” हिने शब्द पाठ केलेला होता : उगाच म्हणजे कारण नसताना. त्यामुळे तिने नोंद केली, तक्रार नाही. संध्याकाळच्या पाळीला आलेल्या मोठ्या सिस्टरने नाडी पाहिली आणि लगेच डॉक्टरांना बोलावलं. आजी बऱ्या होऊन घरी गेल्या. ही मात्र आठवडाभर अस्वस्थ होती. “मॅडम, उगाच म्हणजे नक्की काय?”

वहीतला अर्थ चुकीचा नव्हता, अपुरा होता. ‘उगाच’ हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो आणि त्यामुळेच त्याच्याकडे बघत नाही. त्यात वैताग आहे हे खरं, पण तो नेहमी समोरच्यावरचा नसतो. कधी स्वतःवरचा असतो, कधी नुसता लटका असतो, आणि कधी वैताग नसतोच. खाली दिलेल्या पायऱ्या मी वर्गात ज्या क्रमाने घेते त्याच क्रमाने आहेत. घरात कुणाला मराठी शिकवत असाल, परदेशी वाढणाऱ्या नातवंडांशी मराठी बोलत असाल, तर त्या उपयोगी पडतील. मराठीत लिहिणाऱ्यांनाही पडतील, कारण संवाद लिहिताना हा शब्द हमखास चुकीच्या जागी पडतो.

पायरी १ : आधी ‘उगा’ ऐका

‘उगाच’ म्हणजे ‘उगा’ आणि जोर देणारा ‘च’. उगा म्हणजे गप्प, शांत, निश्चल. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) तो याच अर्थाने सापडतो. दक्षिण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आजही “उगं बस की!” असं पोराला म्हणतात, म्हणजे गप्प बस. गोव्यात कोकणी माणूस “ओगी राव” म्हणतो, म्हणजे तेच. आणि रडणाऱ्या तान्ह्याला थोपटताना आपण सगळेच “उगी, उगी” म्हणतो.

गप्प बसलेला माणूस काही करत नसतो. काही न करता, काही हेतू न धरता, नुसता. तिथून ‘हेतूवाचून’, ‘कारणावाचून’ हा अर्थ फार लांब नाही. एकाच शब्दाची दोन लेकरं झाली : एक ‘उगी’, जे रडणं थांबवतं, आणि एक ‘उगाच’, जे रडण्याला कारणच नाही म्हणतं. दोन्हींच्या स्वभावातला हा फरक लक्षात ठेवा, शेवटच्या पायरीला तो लागणार आहे.

उगाच आणि उगीच यांत अर्थाचा फरक नाही. घरात जे कानावर पडलं ते वापरा. लिहिताना ‘गी’ दीर्घ. जोर आणखी हवा असेल तर उगाचच, उगीचच, आणि वैताग कळसाला पोचला की “उगाचच्या उगाच”. नामाआधी लावायचा झाला तर चा-ची-चं जोडतात : उगाचचा खर्च, उगाचची भानगड, उगाचचं टेन्शन. नुसता ‘उगाच’ मात्र लिंग-वचनाने बदलत नाही, शाळेतल्या भाषेत सांगायचं तर तो क्रियाविशेषण अव्यय आहे.

पायरी २ : कारण कुणाचं, ते बघा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, इथे घाई करू नका. शाळेत आपण शिकलो की क्रियाविशेषण क्रियेबद्दल जास्त माहिती देतं. ‘हळू चालला’ यात चाल कशी ते कळतं. ‘उगाच चालला’ यात चालीबद्दल काहीच कळत नाही. कळतं ते एवढंच, की बोलणाऱ्याच्या मते त्या चालण्याला कारण नाही. म्हणजे ‘उगाच’ ही क्रियेची माहिती नसून बोलणाऱ्याचा निवाडा आहे. तेव्हा कोण कुणाबद्दल निवाडा देतंय यावर अर्थ पालटतो. एकच क्रियापद घेऊन बघा.

“मला उगाच रडू येतंय.” याचा अर्थ : कारण मला सापडत नाही.

“तू उगाच रडतेस.” याचा अर्थ : तुझं कारण मला मान्य नाही.

“ती उगाच रडते.” याचा अर्थ : तिच्या रडण्याकडे लक्ष देऊ नका, असं मी तुम्हाला सुचवतेय.

पहिल्या वाक्यात कबुली आहे, दुसऱ्यात आरोप, तिसऱ्यात चहाडी. शब्द तोच. आजींचं “उगाच धडधडतं” हे पहिल्या जातीचं होतं आणि माझ्या विद्यार्थिनीने ते तिसऱ्या जातीचं समजून लिहिलं.

यात आणखी एक पोटभेद आहे. ‘मी’ने स्वतःहून केलेली गोष्ट असेल तर पश्चात्ताप येतो. दोन तास रांगेत उभं राहून खिडकीशी पोचलं आणि कळलं की सर्व्हर बंद आहे, की तोंडातून निघतं, “उगाच आले.” इथे येण्याला कारण होतं, कागद हातात होते. नव्हतं ते फळ. तेव्हा शरीर-मनात आपोआप होणाऱ्या गोष्टीला (धडधड, रडू, भीती, भूक) ‘उगाच’ लावलं तर कारण दिसत नाही, आणि आपण केलेल्या गोष्टीला लावलं तर फळ मिळालं नाही, एवढी खूणगाठ बांधा.

निर्जीव जगाला हा शब्द सहसा लागत नाही. “उगाच लाईट गेली” कुणी म्हणत नाही, कारण लाईटीला काही हेतू नसतो आणि तिला “नको जाऊस” म्हणता येत नाही. दैवावर वैतागायला मराठीत वेगळा शब्द आहे : नेमका. “नेमकी आजच लाईट गेली.” “नेमका पाऊस आला.” तो बिचारा लिंगाप्रमाणे बदलतो. माणसावर वैतागलात तर उगाच, योगायोगावर वैतागलात तर नेमका. शिकणाऱ्याला ही जोडी एकत्र शिकवली की दोन्ही शब्द पक्के होतात.

पायरी ३ : क्रियापद तपासा

चालू वर्तमानकाळात चीड असते : “उगाच वेळ काढतोय.” भूतकाळात हळहळ : “उगाच बोललो मी त्याला.” भविष्यात काळजी : “उगाच उशीर होईल, निघ तू.” आणि ‘नको’बरोबर तंबी. रोजच्या वापरातला मोठा वाटा या शेवटच्या प्रकाराचा आहे : उगाच फाटे फोडू नकोस, उगाच डोकं खाऊ नकोस, उगाच नाक खुपसू नकोस, उगाच नसती उठाठेव करू नकोस. या वाक्प्रचारांत ‘उगाच’ इतका मुरलाय की तो काढला तर वाक्य अळणी लागतं.

होकारार्थी आज्ञेत मात्र तो बसत नाही. “उगाच बोल”, “उगाच ये” असं मराठी माणूस म्हणणार नाही. ज्याला कारण नाही ते कर, असं सांगायचं तरी कसं? शिकणारे ही चूक वारंवार करतात, कारण त्यांना ‘सहज ये’ म्हणायचं असतं.

पायरी ४ : जागा बदलून बघा

मराठीत शब्द हलवता येतात, पण हलवले की वजनही हलतं.

“तो मला उगाच बोलला.” ही साधी तक्रार. “उगाच बोलला तो मला.” इथे राग पुढे आलाय, आवाज पहिल्याच शब्दावर चढतो. “बोलला मला उगाच.” आता राग निवलाय, सांगणारा उसासा टाकतोय. “मलाच का उगाच?” हे रडकुंडीचं.

वाक्य मोठ्याने म्हणून बघा आणि दुसऱ्या कुणाला ऐकवा, फरक लगेच पकडतात. कथा-संवाद लिहिणाऱ्यांनी तर प्रत्येक ‘उगाच’ची जागा हाताने उचलून ठेवावी. रागावलेल्या पात्राच्या वाक्यात तो शेवटी टाकला की राग पडतो.

मागे ‘आपला-आपली-आपलं’ जोडला की धार जाते. “मी आपली उगीच बसले होते” यात ना चीड ना पश्चात्ताप, दुपारचं ऊन आणि रिकामे हात एवढंच. इथे तो जुना ‘उगा’, नुसता, शांत, परत डोकावतो. मला हा वापर फार आवडतो.

पायरी ५ : ‘नाही’ आणि ‘नको’ वेगळे ठेवा

“उगाच नाही लोक त्याच्याकडे जात.” परक्या माणसाला वाटतं, लोक जात नाहीत. अर्थ नेमका उलट आहे : लोक जातात, आणि त्याला कारण आहे. इथे ‘नाही’ हे ‘जात’ला लागत नसून ‘उगाच’ला लागलंय. हीच गोष्ट प्रश्नातूनही सांगतात : “उगाच का गावात मान आहे त्यांना?” उत्तर अपेक्षित नसतं. या रचनेत वैताग साफ उलटून कौतुक होतो.

‘नको’चं तसं नाही. “उगाच त्यांना सांगायला नको” म्हणजे सांगू या नको, सांगून काही भलतंच व्हायचं. हे सावधगिरीचं ‘उगाच’. घरातल्या वडीलधाऱ्यांपासून लपवायच्या बातम्यांना हे हमखास लागतं : “आईला उगाच काळजी नको.”

पायरी ६ : लटका वैताग ओळखा

हा भाग पुस्तकात सापडत नाही, दारात उभं राहून शिकावा लागतो. पाहुणे आले. काकूंनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. घरच्या बाई म्हणतात, “अहो, कशाला उगाच!” भुवया थोड्या वर, आवाज तक्रारीचा, आणि हात मात्र पुढे आलेला. पुडा घेऊन देवापुढे ठेवला जातो, मग उघडला जातो. माझ्या एका विद्यार्थिनीने सासूबाईंचं हे वाक्य पहिल्या दिवाळीत खरं मानलं आणि आणलेली साडी मुकाट्याने परत बॅगेत ठेवली. दोघींनाही वाईट वाटलं, आणि चूक दोघींचीही नव्हती.

“कशाला उगाच” याचा तिथला अर्थ : तुम्ही माझ्यासाठी खर्च केलात हे मला दिसलं. यावर उत्तर द्यायचं ते “असू दे हो, त्यात काय” किंवा “कुठे काय, थोडंसंच आहे.” एवढं झालं की देवघेव पुरी. न म्हणता घेतलं तर घेणारी माणसं कोरडी वाटतात. आणलेलं परत नेलं तर आणणारी.

याच जातीचं दुसरं. “आज छान दिसतेयस.” “चल, उगाच काहीतरी!” हा नकार कुणी खरा धरत नाही. आणि जेवायला वाढताना, “आणखी एक पोळी?” “नको हो, उगाच जास्त होईल.” इथे आग्रह एकदा करायचा. दुसऱ्यांदाही ‘उगाच’ आलं तर थांबायचं, मग ते खरं असतं.

ओळखायचं कसं? लटक्या वैतागात ‘कशाला’, ‘काहीतरी’, ‘अहो’, ‘चल’ असं काही सोबतीला असतं आणि वाक्य बहुधा क्रियापदावाचून तुटतं. खऱ्या वैतागात क्रियापद असतं आणि ते ठणकावून येतं.

पायरी ७ : शेजारच्या शब्दांपासून वेगळं करा

सहज आणि उगाच यांची गल्लत सगळ्यांत महाग पडते. “सहज फोन केला” म्हणजे तुझी आठवण आली. “उगाच फोन केला” म्हणजे करायला नको होता. हिंदीतून येणाऱ्यांना ‘ऐसे ही’ला एकच मराठी शब्द हवा असतो, आणि ते यातला नेमका चुकीचा उचलतात. सुरक्षित वाट म्हणजे ‘सहज’ किंवा ‘असंच’.

विनाकारण हा कागदावरचा, वर्दीतला शब्द. २०२० च्या टाळेबंदीत पोलिसांच्या गाड्या भोंग्यावरून सांगत फिरत होत्या, “विनाकारण घराबाहेर पडू नका.” तेच आई घरात म्हणाली, “उगाच बाहेर पडू नकोस.” सूचना एक, पण पोलिसाच्या तोंडी ‘उगाच’ आलं असतं तर ते विनवणीसारखं वाटलं असतं, आणि आईने ‘विनाकारण’ म्हटलं असतं तर मुलगा दचकला असता.

नाहक फारसी-अरबी वाटेने आलेला, ‘हक्क नसताना’ असा. त्यात अन्याय आहे, म्हणून बातमीत ‘नाहक बळी’ जातो. ‘उगाच बळी’ म्हटलं तर मेलेल्याचा अपमान होतो. मुद्दाम हा तर उगाचच्या विरुद्ध टोकाला, तिथे हेतू पक्का असतो. “उगाच ढकललं” आणि “मुद्दाम ढकललं” यांत मुलांची भांडणं सोडवणाऱ्या कुठल्याही बाईंना फरक कळतो. बळेच म्हणजे मन नसताना : बळेच हसला. विदर्भ-मराठवाड्यात ‘खामखा’ ऐकाल, मुंबईच्या रस्त्यावर ‘खालीपिली’. दोन्ही रांगडे आणि जोरकस आहेत, पण त्यांच्यात तो पेढ्यांच्या पुड्यावरचा लटका सूर नाही.

पायरी ८ : कुणाला म्हणायचं, कुणाला नाही

वडीलधाऱ्यांना ‘उगाच’ चालतं, पण फक्त त्यांच्या कष्टांबद्दल. “बाबा, तुम्ही उगाच एवढे जिने चढलात” यात माया आहे. “बाबा, तुम्ही उगाच बोलता” यात मर्यादा सुटली. कचेरीत साहेबाला “सर, तुम्ही उगाच थांबलात, मी फाइल पाठवली असती” म्हणता येतं. “उगाच चिडताय” मनात ठेवावं. सूत्र असं : त्याच्या श्रमांना ‘उगाच’ लावलं तर काळजी, त्याच्या शब्दांना किंवा भावनेला लावलं तर अवहेलना.

मेसेजमध्ये जास्त जपून. बोलताना सूर असतो, हात असतो, पदराला पुसलेली बोटं असतात. लिहिलेलं “उगाच आलीस” वाचणारी तिच्या त्या दिवसाच्या मनाने वाचते. तिथे दोन शब्द जास्त खर्च करा : “एवढ्या पावसात उगाच दगदग झाली तुला.”

आणि दुःखातल्या माणसाला “उगाच रडतेस”, “उगाच घाबरतोस” कधीच म्हणू नका. आपण धीर द्यायला जातो आणि दुसऱ्या पायरीवरचा आरोप करून बसतो : तुझं कारण मला मान्य नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा आलेल्या पोराला, नोकरी गेलेल्या भावाला, बाळंतपणानंतर रडणाऱ्या सुनेला हे वाक्य फार ऐकवलं जातं, आणि त्यानंतर ती माणसं बोलायची बंद होतात. मला या शब्दाबद्दल इतकं लिहावंसं वाटलं ते मुख्यतः यासाठी. अशा वेळी ‘च’ काढून टाका आणि शब्दाच्या मुळाशी जा. तान्ह्याला “उगी” म्हणतो तेव्हा आपण कारण विचारत नाही, तपासत नाही, नुसतं थोपटतो. मोठ्या माणसाला तोंडाने ‘उगी’ म्हणता येत नाही, पण हात पाठीवर ठेवता येतो.

सरावासाठी

जागा भरा, मग खाली बघा. “तुझी आठवण आली, … आले.” “… माझी चप्पल आजच तुटली.” “… नाही ती शाळेत पहिली आली.” “दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा … जीव गेला.” “एवढा मोठा हार? … कशाला!”

पहिल्यात सहज. दुसऱ्यात नेमकी. तिसऱ्यात उगाच, आणि ते मोठ्याने म्हणताना जोर ‘उगाच’वर द्या, ‘नाही’वर नको. चौथ्यात नाहक. पाचव्यात उगाच, हात पुढे करून.

आणखी एक काम आठवडाभर करा. कुणी स्वतःबद्दल ‘उगाच’ म्हणालं, “उगाच कसंतरी होतंय”, “उगाच झोप लागत नाही”, “काही नाही, उगाच”, तर “का?” विचारू नका. कारण सापडत नाही हेच तर ते सांगत असतात. “का” विचारलं की “काही नाही” म्हणून विषय मिटतो. त्याऐवजी विचारा, “कधीपासून?” याचं उत्तर त्यांच्यापाशी असतं.

माझ्या विद्यार्थिनीने वहीत ‘उगाच’समोरचा जुना अर्थ खोडला नाही. त्याच्या शेजारी लाल पेनाने लिहिलं, ‘कधीपासून, आजी?’ आणि उच्चार चुकू नये म्हणून खाली तेच मल्याळम लिपीत.